स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी: किती, कशाची आणि कधी द्यायची

"सर्टिफिकेटचे किती घेता?"

सोसायटीचा सचिव झालो आणि पहिल्याच महिन्यात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना फोन लावला, तो हाच प्रश्न घेऊन, इमारत मजबूत असल्याच्या सर्टिफिकेटचा. पलीकडून उत्तराऐवजी प्रश्नच आले. इमारत किती सालची? किती मजले, किती विंग? जुनी आरसीसी ड्रॉइंग, म्हणजे कॉलम, बीम आणि सळयांचे नकाशे, आहेत का? मागची दुरुस्ती कधी झाली? गळती कुठे कुठे आहे? यातल्या एकाचंही मला धड उत्तर देता आलं नाही. "मग आत्ताच आकडा सांगून काय उपयोग, आधी इमारत बघतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याला आता सहा वर्षं झाली. मधल्या काळात ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आणि मोठी दुरुस्ती पार पडली, आणि गावी, सांगलीजवळ, धाकट्या भावाने घर बांधलं. दोन्हीकडचा हिशेब माझ्याकडे होता. पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी तो क्रमाने मांडतोय. खालचे दर हे बाजारातले अंदाज आहेत. मुंबई-पुण्यात वरच्या टोकाचा आकडा धरा, तालुक्याच्या गावी खालच्या टोकाचा.

पायरी १: काम नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

स्ट्रक्चरल इंजिनिअर, ज्यांना साइटवर सगळे 'आरसीसी कन्सल्टंट' म्हणतात, त्यांची फी कामागणिक वेगळ्या मापाने मोजली जाते. नवीन घर असेल तर बांधकामाच्या चौरस फुटावर. फ्लॅटमधली भिंत काढायची असेल तर भेटीवर किंवा ठोक. सोसायटीच्या ऑडिटला फ्लॅटमागे किंवा चौरस फुटावर, आणि चाचण्यांचे वेगळे. दुरुस्तीच्या देखरेखीला कामाच्या रकमेवर टक्क्यांनी. त्यामुळे शेजारच्या सोसायटीने किती दिले, यावरून आपल्या घराचा अंदाज बांधता येत नाही.

जुन्या घरावर मजला चढवणं हे यातलं सगळ्यात फसवं काम. आपल्याकडे गावोगावी गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या दिसतात, पुढेमागे पोरं मजला चढवतील म्हणून. त्या सळया म्हणजे खालचं फुटिंग, कॉलमखालचा पाया, दुसऱ्या मजल्याच्या हिशेबाने केलं होतं याचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षं पावसात राहून त्या गंजलेल्याही असतात. अशा कामात इंजिनिअरला आधी एखाद्या कॉलमपाशी खणून फुटिंग किती खोल, किती रुंद ते बघावं लागतं, जुन्या काँक्रीटची ताकद तपासावी लागते, मग गणित मांडावं लागतं. म्हणून त्याची फी नव्या घराच्या डिझाइनपेक्षा जास्त सांगितली जाते आणि ती रास्त असते. न खणता, फोटो बघून "चढवा बिनधास्त" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पायरी २: माणूस कोण, ते तपासा

आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ही दोन वेगळी माणसं. खोल्या कुठे, खिडक्या कुठे, हे आर्किटेक्ट ठरवतो. कॉलम किती जाड आणि त्यात सळई किती, हे दुसरा. आर्किटेक्टसाठी १९७२ चा देशभर लागू असलेला कायदा आहे आणि त्यांची परिषद आहे. सिव्हिल इंजिनिअरांसाठी तसा देशपातळीवरचा परवाना नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी तुमच्या महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे आहे का आणि ती चालू आहे का, हे तुम्हालाच बघावं लागतं. नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका. चांगला इंजिनिअर तो लेटरहेडवरच छापतो.

पुष्कळदा ठेकेदार म्हणतो, "इंजिनिअर आमचाच आहे, वेगळे पैसे नकोत." हे टाळा. ज्याचं काम तपासायचं, त्याच्याच पगारावर तपासणारा असू नये. आर्किटेक्टच्या फीमध्ये आरसीसी धरलेलं असेल तर ते चालतं, पण त्या इंजिनिअरचं नाव, नोंदणी आणि फोन नंबर लेखी घ्या आणि साइटवर तो स्वतः किती वेळा येणार ते विचारा.

पायरी ३: फोन करण्याआधी कागद गोळा करा

मंजूर नकाशा, भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला, जुनी आरसीसी ड्रॉइंग, मागच्या दुरुस्त्यांची बिलं, गळक्या जागांची यादी. इतकं हाताशी असलं की कोटेशन नेमकं येतं. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेच्या नगररचना किंवा इमारत प्रस्ताव विभागात अर्ज करून मागता येते. तिथे दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात. आरसीसी ड्रॉइंग मात्र सहसा मिळत नाहीत. बिल्डरचं ऑफिस बंद झालेलं असतं, मूळ कन्सल्टंट हयात नसतात. मग इमारत मोजून नकाशा नव्याने काढावा लागतो आणि सळया कुठे आहेत ते यंत्राने शोधावं लागतं. कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ येते. ती बघून दचकू नका.

पायरी ४: आकडे समजून घ्या

नवीन घर. आरसीसी डिझाइनला साधारण १० ते २५ रुपये चौरस फूट. घर लहान असलं तरी १५-२० हजारांच्या खाली फारसं कोणी काम घेत नाही, कारण आठशे फुटांच्या घरालाही फुटिंग, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा बीम), कॉलम, जिना, स्लॅब हे सगळं काढावंच लागतं. माती परीक्षण वेगळं.

भावाच्या घराचा हिशेब देतो. बांधकाम १,५०० चौरस फूट. डिझाइन १४ रुपयांनी २१,००० रुपये. साइटवरच्या सहा भेटी, प्रत्येकी १,५०० प्रमाणे ९,०००. एकूण ३०,०००. तेव्हा १,८०० रुपये फुटाने बांधकाम २७ लाखांचं होतं, म्हणजे इंजिनिअरचा वाटा जेमतेम सव्वा टक्क्याच्या आत. ठेकेदाराने आधी अंदाजाने सात टन सळई लागेल असं सांगितलं होतं. ड्रॉइंगसोबत आलेल्या सळईच्या तक्त्यात, बार बेंडिंग शेड्यूलमध्ये, ती ५.९ टन निघाली. किलोला साठ रुपये धरले तरी ६६ हजार वाचले. प्रत्येक वेळी असंच घडेल असं नाही, उलटही होतं: कुठे मिस्त्रीने कमी धरलेली असते आणि ती वाढवावी लागते. पण कागदावर आकडा आल्यावर वादच उरत नाही.

भेटींचे पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, भावालाही झाला होता. पहिल्या स्लॅबच्या दिवशी सकाळी सात वाजता इंजिनिअर आले. मिक्सर लावलेला, मजूर हजर, मिस्त्री घाईत. ते सरळ गॅलरीपाशी गेले, खाली वाकले आणि हाताने सळई दाबून बघितली. गॅलरी भिंतीबाहेर लटकते, तिला खालून आधार नसतो, म्हणून तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला हवी. बांधली होती वरच, पण दोन दिवस माणसं तिच्यावरून ये-जा करत होती, त्यामुळे दबून ती सेंट्रिंगच्या फळीला टेकायला आली होती. तसाच माल पडला असता तर गॅलरी दिसायला ठीक दिसली असती आणि आधार काढल्यावर, नाहीतर काही वर्षांनी, भिंतीपाशी वरून तडकली असती. त्यांनी खाली लोखंडी चेअर लावून सळई उचलून घेतली, जिथे कव्हर ब्लॉक, सळई फळीपासून वर ठेवणारे ठोकळे, नव्हते तिथे लावायला लावले, कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हुक आत वळवायला सांगितले. दीड तास काम थांबलं. मिस्त्री धुसफुसला. त्या भेटीचे १,५०० रुपये होते.

म्हणून नव्या घराला किमान या भेटी धराच: खड्डे खणून झाल्यावर, फुटिंगची जाळी बांधल्यावर, प्लिंथ बीमला आणि प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी. काळ्या मातीच्या भागात पहिली भेट सोडूच नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किती फुटांवर लागला हे बघूनच फुटिंगची खोली पक्की करायची असते. आमच्याकडे पाच फुटांचा अंदाज होता, मुरूम साडेसहाला लागला. आणि हो, कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ हे दोन्ही भूकंप आपल्याच मातीत झाले आहेत. रिंगा जवळ घ्या असं इंजिनिअर सांगतो तेव्हा मिस्त्रीच्या "आम्ही वीस वर्षं असंच बांधतोय"वर जाऊ नका.

गोव्यात घर बांधत असाल तर पंचायतीच्या किंवा पालिकेच्या परवान्यासाठी इंजिनिअरचं स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट लागतं. तिथेही तेच विचारा: या फीमध्ये फक्त सही आहे, की डिझाइन आणि भेटीही?

फ्लॅटमधली भिंत. एक भेट आणि पत्र एवढंच असेल तर ३ ते १० हजार. बीम टाकून आधार द्यायचा, त्याचं गणित आणि ड्रॉइंग लागलं तर १५ ते ४० हजार. इथे इंजिनिअर बोलावण्याआधी एक गोष्ट स्वतः जाणून घ्या. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कित्येक जुन्या दोन-तीन मजली इमारतींत कॉलमच नसतात, सगळा भार विटांच्या जाड भिंतींवर असतो. आणि अगदी नव्या टॉवरमध्ये, जिथे अॅल्युमिनियमच्या साच्यात बांधकाम होतं आणि लोक ज्याला 'मायवान' म्हणतात, तिथे भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि त्याच इमारत पेलतात. या दोन्हीकडे "फक्त एक भिंत" असं काही नसतं. मायवान इमारतीत एसीच्या पाइपसाठी भोक पाडायचं तरी विचारून पाडा.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. त्या वेळी तळमजल्यावर आतल्या बदलांचं काम चालू होतं. भिंत काढण्याच्या पाच-दहा हजारांच्या फीवरून घरात वाद झाला की मी हे सांगतो आणि त्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

भिंत काढण्याइतकंच वजन चढवण्याचंही आहे. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारासाठी धरतात, वर जाता येणारी गच्ची १५० किलोसाठी. गच्चीवर फूटभर ओली माती पसरली की चौरस मीटरला ५०० किलोंच्या पुढे जाते. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन. गच्चीवर बाग किंवा नवी टाकी करायची असेल तर आधी एक भेट घ्या, पाच हजारांत काम होतं.

सोसायटीचं ऑडिट. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे, आणि राज्यातल्या इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे, ३० वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्याच्याही आधीची सोय आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी. आमची इमारत १९८६ ची. दोन विंग, चार मजले, ३२ फ्लॅट, सुमारे २४ हजार चौरस फूट. तीन कोटेशन आली: ३५ हजार, ७८ हजार आणि १ लाख ४० हजार.

कमिटीच्या बैठकीत पहिला सूर अर्थातच ३५ हजारांचा होता. मी तिन्ही कोटेशन एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली. ३५ हजारांत एकच भेट होती, फ्लॅटच्या आत जाणं नव्हतं, चाचणी एकही नव्हती, आणि शेवटी सर्टिफिकेट होतं. १ लाख ४० हजारांत ऑडिटशिवाय दुरुस्तीची मापं, अंदाजपत्रक आणि टेंडरचे कागदही होते, म्हणजे ते कामच वेगळं होतं. मधल्याची फोड अशी होती: ३२ फ्लॅट आतून बघून तड्यांची नोंद आणि अहवाल, फ्लॅटमागे १,००० प्रमाणे ३२,०००. पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा कणखरपणा बघणारा रिबाउंड हॅमर ४० जागी, २०० रुपयांनी ८,०००. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून आतल्या पोकळ्या-तडे शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी ४० जागी, ३०० रुपयांनी १२,०००. सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ सेल २० जागी, ३०० रुपयांनी ६,०००. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम किती खोल गेला ते बघणारी कार्बोनेशन चाचणी ८ जागी, ५०० रुपयांनी ४,०००. काँक्रीटचा गाभा काढून दाबून बघायचे कोअर चार, ४,००० प्रमाणे १६,०००. बेरीज ७८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १४,०४०. एकूण ९२,०४०, म्हणजे फ्लॅटमागे साधारण २,९०० रुपये. हा आकडा सांगितल्यावर सर्वसाधारण सभेत ठराव दहा मिनिटांत झाला.

चाचण्यांचं महत्त्व मला पार्किंगमधल्या एका कॉलमपाशी कळलं. इंजिनिअरच्या हाताखालच्या मुलाने ड्रिलने भोक पाडलं, भुकटी झटकली आणि आत फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारलं. काँक्रीट निरोगी असेल तर ते गर्द गुलाबी होतं. इथे पृष्ठभागापासून ३० मिलिमीटरपर्यंत रंगच आला नाही, त्याच्या पलीकडे गुलाबी झालं. आमच्या कॉलमच्या सळया २५ मिलिमीटरवर होत्या. म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सळईभोवतालच्या काँक्रीटचं संरक्षण संपवलं होतं, आणि प्लास्टर मात्र बाहेरून नुकतंच रंगवल्यासारखं दिसत होतं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. नुसतं बघून जाणाऱ्याला तो कॉलम ठीकच वाटला असता.

मुंबईत अहवालाच्या शेवटी इमारतीचा वर्ग येतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आला आणि रहिवाशांनी दुसऱ्या इंजिनिअरकडून वेगळा अहवाल आणला तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. अशा वेळी चाचण्यांचे आकडे नसलेला अहवाल टिकत नाही, मग तो कितीही स्वस्तात आलेला असो.

पायरी ५: देखरेखीची फी वेगळी ठरवा

ऑडिटनंतर दुरुस्ती निघते आणि तिथे कन्सल्टंट कामाच्या रकमेच्या ३ ते ५ टक्के मागतात. ४० लाखांच्या कामाला ४ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. आकड्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अंतिम बिलावर टक्के देण्याला, कारण काम जितकं फुगेल तितकी फी वाढते. प्रामाणिक माणसालाही अशा रचनेत ठेवू नये. आम्ही टेंडरच्या मंजूर रकमेवर ४ टक्के ठोक ठरवले, आठवड्याला दोन भेटी लिहून घेतल्या आणि मोजमापाच्या वहीवर त्यांच्या सहीशिवाय ठेकेदाराचं बिल द्यायचं नाही असं ठरवलं. पहिल्या विंगेत खरं प्लास्टर किती फोडलं आणि बिलात किती लागलं, यात जवळपास सहाशे चौरस फुटांचा फरक त्या सहीमुळेच सापडला.

पायरी ६: लेखी घ्या, मग पैसे द्या

फी कमी करा असं म्हणण्यापेक्षा कोटेशनमध्ये काय आहे ते वाढवून घ्या. मी या गोष्टी लिहून घेतो: भेटी किती आणि येणार कोण, स्वतः की सहायक, चाचण्या किती आणि कोणत्या, प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का, अहवालाच्या किती प्रती, महापालिकेने शंका काढली तर उत्तर देण्याचे वेगळे पैसे आहेत का, जीएसटी धरून की वगळून, मुदत किती. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेला इंजिनिअर जीएसटी नोंदणीशिवायही काम करतो, आणि त्याने बिलात जीएसटी लावायचा नसतो, हेही ध्यानात ठेवा.

सोसायटीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, विसरू नये. व्यावसायिक फी वर्षाला ५० हजारांच्या पुढे गेली की १० टक्के कापायचा, तो जीएसटी वगळून. आमच्या ७८ हजारांवर ७,८०० कापले आणि भरले. सोसायटीचा टॅन (टीडीएस भरण्यासाठी लागणारा खाते क्रमांक) नसेल तर तो आधी काढा. ऑडिटचा खर्च दुरुस्ती निधीतून करता येतो. मोठ्या स्ट्रक्चरल दुरुस्तीला सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेला राखीव निधी, वापरता येतो.

हप्ते असे पाडा. ऑडिटला सुरुवातीला ३० टक्के, इमारतीवरचं काम आणि चाचण्या झाल्यावर ४०, आणि सही-शिक्क्याचा अहवाल हातात आल्यावर ३०. घराला प्रत्येक ड्रॉइंग मिळेल तसे, आणि शेवटचे १५-२० टक्के शेवटचा स्लॅब तपासून होईपर्यंत हातात ठेवा. भेटीचे पैसे त्याच दिवशी देऊन टाका. भावाने दोन भेटींचे थकवले तेव्हा तिसऱ्या भेटीची तारीख मिळायला आठवडा गेला आणि सेंट्रिंगचं भाडं तेवढं वाढलं.

काम संपल्यावर ड्रॉइंग, चाचण्यांचे तक्ते, अहवाल आणि जिथे जिथे सळई उघडी पडली तिथले फोटो एका पेनड्राइव्हवर आणि एका फाइलमध्ये घ्या. घराची फाइल घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. सोसायटीची ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि कमिटी बदलेल तेव्हा हस्तांतराच्या यादीत तिचं नाव लिहा. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत: इमारत १९८६, तळ अधिक चार, जुनी ड्रॉइंग उपलब्ध नाहीत, नवी मापं पान ४ पासून. पुढच्या ऑडिटच्या वेळी जो सचिव असेल त्याला फोनवर हेच विचारलं जाणार आहे.